ज्वालामुखी बेटाची कड समुद्रात कोसळली तर लाट किती मोठी? (त्सुनामी मॉडेलिंग)

दगडधोंडे (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा आला. कॅनरी बेटांतलं ला पाल्मा, त्याचा अर्धा डोंगर अटलांटिकमध्ये कोसळणार, न्यूयॉर्क पाण्याखाली जाणार, आणि खाली 'सर्व ग्रुपवर पाठवा'. २०२१ मध्ये तिथे १९ सप्टेंबर ते १३ डिसेंबर उद्रेक चालू होता तेव्हाही हाच व्हिडिओ फिरत होता. लाव्ह्याखाली हजारावर घरं गेली, त्याचं कुणाला काही नव्हतं. डोंगर आहे तिथेच आहे.

पण या व्हिडिओच्या मुळाशी एक खरा शोधनिबंध आहे, म्हणून हा धागा. २००१ साली स्टीव्हन वॉर्ड आणि सायमन डे यांनी ला पाल्मावरच्या कुंब्रे व्हिएहा या ज्वालामुखीची पश्चिमेकडची बाजू घसरली तर काय होईल, याचं गणित मांडलं. गृहीत असं की ५०० घन किलोमीटरपर्यंतचा तुकडा एकसंध घसरतो, सेकंदाला १०० मीटर वेगाने. उत्तर आलं, अमेरिकेच्या किनाऱ्यावर १० ते २५ मीटरच्या लाटा. पुढची वीसेक वर्षं मुख्य भांडण या गृहीतावरच चाललंय. डोंगर असा एका दमात खाली येतो का?

५०० घन किमी म्हणजे किती, ते टीएमसीत सांगतो, कारण जुलैमध्ये पुणेकर दुसरं काही मोजत नाही. एक टीएमसी म्हणजे ०.०२८३ घन किमी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं भरली की २९ टीएमसी आणि थोडं वर. वॉर्ड-डे यांचा तुकडा जातो १७,६५० टीएमसीवर. चारही धरणं सहाशे वेळा भरतील एवढा, आणि तोही नुसता दगड.

मी हिंजवडीत पंपांच्या आतल्या प्रवाहाची सिम्युलेशन्स करतो, समुद्राशी माझा संबंध दिवेआगरपुरता. पण पाण्याची समीकरणं तीच असल्यामुळे हा नाद लागला. थोडक्यात मांडतो.

भूकंपाच्या त्सुनामीचं मॉडेल त्या मानाने सरळ असतं. समुद्रतळाचा शेकडो किलोमीटर लांबीचा पट्टा काही मीटर उचलला जातो, आणि इतक्या झटक्यात की पाण्याला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. म्हणून तळ जितका उचलला तितकंच वरचं पाणी उचललं असं धरायचं आणि तिथून लाट सोडून द्यायची. दरडीचं तसं नाही. दगड घसरत असतानाच लाट तयार होत असते आणि दगड तिला मागून ढकलत असतो. दोघांचे वेग जवळपास सारखे झाले की लाट फुगत जाते. लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, याचं वर्गमूळ. ४,००० मीटर खोलीवर सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी सातशे किमीच्या वर. ५० मीटर खोलीवर सेकंदाला जेमतेम २२ मीटर, ताशी ८०. तीच दरड खोल पाण्यात लाटेच्या मागे पडते आणि उथळ पाण्यात तिच्या पुढे निघून जाते.

दुसरा मुद्दा लाटेच्या लांबीचा. भूकंपाची लाट शेकडो किमी लांब असते, दरडीची फार तर काही किमी ते काही दहा किमी. लांब लाटेला अख्खा समुद्र उथळच, त्यामुळे 'उथळ पाण्याची समीकरणं' तिला पुरतात. आखूड लाटेला पुरत नाहीत. तिच्यातले लांब घटक पुढे पळतात, आखूड मागे राहतात, आणि एक उंच लाट हळूहळू बुटक्या लाटांची माळ होऊन जाते. हे अपस्करण धरलं नाही तर महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचे आकडे फुगतात. २०१२ मध्ये आबादी आणि सहकाऱ्यांनी ला पाल्माचं गणित २०, ४०, ८० आणि ४५० घन किमी अशा चार आकारांसाठी, दगडाला प्रवाही मानून केलं. दूरच्या किनाऱ्यांवरचा धोका २००१ च्या मानाने बराच खाली आला. कॅनरी बेटांच्या स्वतःच्या किनाऱ्यांवरचा मात्र आला नाही, तिथे तो भयंकरच आहे. व्हिडिओत त्या बेटांवरच्या माणसांचा उल्लेखही नाही.

जाणकारांनी भर घालावी.

टेकडीवाला:

रुमाल टाकून ठेवतो, रात्री निवांत वाचेन. सोसायटीच्या ग्रुपवर हे सगळं लिहिलंत का?

दगडधोंडे:

लिहिलं. सचिवांनी 'ग्रुपवर फक्त पाणी आणि पार्किंगविषयी लिहावे' म्हणून कळवलं.

टेकडीवाला:

पाण्याविषयीच होतं की.

मोरपीस:

छान धागा. मी भूशास्त्र शिकवते, तेव्हा दगडाची बाजू मांडते.

कॅनरी बेटांचे कडे पूर्वी कोसळले आहेत, एकदा नाही, बऱ्याच वेळा. त्यांचा गाळ शेकडो किमी वाहत जाऊन खोल समुद्राच्या मैदानावर बसलाय. त्या गाळाचे गाभे (नळी खुपसून काढलेले उभे नमुने) काढले तर एकेका घसरणीचा एकच जाड थर मिळत नाही, एकावर एक असे अनेक उपथर मिळतात. म्हणजे कडा टप्प्याटप्प्याने सुटला. खालचा भाग आधी गेला, त्याचा आधार गेल्यावर वरचा. दोन टप्प्यांमध्ये गाळ खाली बसण्याएवढा वेळ होता. हे खरं असेल तर एकसंध तुकड्याचं गृहीत ला पाल्मापुरतं डळमळीत होतं.

पण म्हणून 'मोठ्या लाटा येतच नाहीत' असंही म्हणता येत नाही. केप व्हर्दे बेटांमध्ये फोगो नावाचा ज्वालामुखी आहे. त्याची पूर्वेकडची बाजू सुमारे ७३,००० वर्षांपूर्वी कोसळली. समोर ५५ किमीवर असलेल्या सांतियागो बेटावर शेकडो टन वजनाचे दगड पठारावर जाऊन पडलेत. ते त्या पठाराचे दगडच नाहीत, खालच्या कड्यातले आहेत. कुणीतरी वर चढवल्याशिवाय तिथे जाणार कसे? २०१५ मध्ये यावर निबंध आला. त्यातला निष्कर्ष असा की फोगोची ती घसरण बहुधा एका दणक्यात झाली असावी.

तेव्हा दोन्ही प्रकार घडतात. कुठला कधी, ते डोंगराच्या आत ठरतं आणि आत आपल्याला दिसत नाही. मॉडेलवाल्यांनी यावर काही उपाय शोधलाय का?

उंटावरचा_शहाणा:

माझं मत जरा वेगळं. आकार तुम्ही ठरवणार, वेग तुम्ही ठरवणार, दगड पिठासारखा वाहतो की विटेसारखा सरकतो तेही तुम्हीच ठरवणार. मग लाट काय, हवी तेवढी येईल. घटना घडल्यावर आकडे जुळवायचे आणि 'मॉडेल यशस्वी' म्हणून छापायचं. आधी सांगून खरं ठरलंय असं एक तरी उदाहरण आहे का? दिवे घ्या, पण प्रश्न खरा आहे.

दगडधोंडे:

आहे, आणि ते वाचून मला बरं वाटलं नव्हतं.

अनाक क्राकातोआ, म्हणजे क्राकातोआचं पोर. १८८३ च्या उद्रेकात (३६,००० हून जास्त मृत्यू, बहुतेक त्सुनामीने) जुनं बेट उडालं आणि मागे समुद्रात खड्डा राहिला. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या खड्ड्याच्या काठावर हे नवं बेट वर आलं. एका बाजूला उथळ पाणी, नैऋत्येला एकदम खोल उतार. २०१२ मध्ये जियाकेत्ती आणि सहकाऱ्यांनी निबंध छापला: नैऋत्येकडचा ०.२८ घन किमी भाग घसरला तर काय? उत्तर होतं, शेजारच्या बेटांवर मिनिटभरात १५ ते ३० मीटर आणि जावाच्या किनाऱ्यावर ३५ ते ४५ मिनिटांनी काही मीटरची लाट.

सहा वर्षांनी, २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री नऊच्या सुमारास, नैऋत्येकडचीच बाजू गेली. नंतर समुद्रतळ मोजला तेव्हा सुमारे ०.२ घन किमी भरला, म्हणजे ७ टीएमसी. ३३८ मीटर उंचीचं बेट ११० मीटरवर आलं. शेजारच्या बेटांवर झाडी ८० मीटरच्या वरपर्यंत साफ झाली, जावावर काही ठिकाणी पाणी १३ मीटरपर्यंत चढलं. वेळेचं गणित कुणालाही करून बघता येईल. ज्वालामुखीपासून जावाचा किनारा साधारण ५० किमी, वाटेत समुद्र सरासरी ५० मीटर खोल धरा. सेकंदाला २२ मीटर वेगाने ३८ मिनिटं.

एवढा वेळ होता आणि तरी सव्वाचारशेहून जास्त माणसं गेली. कारण तिथली इशारा यंत्रणा भूकंपाची वाट बघत होती आणि मोठा भूकंप झालाच नाही. दरडीचा भूकंपमापकावर उमटलेला धक्का त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी फारच किरकोळ. त्यात ती पौर्णिमा, त्यामुळे सुरुवातीला भरतीचं पाणी समजलं गेलं. टांजुंग लेसुंगच्या किनाऱ्यावर गाण्याचा कार्यक्रम चालू होता, मंचाच्या मागून पाणी आलं. तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

तेव्हा शहाणेसाहेब, मॉडेल नापास झालं नाही. त्याचं उत्तर कुठल्या भोंग्याला जोडलेलं नव्हतं.

उंटावरचा_शहाणा:

हे माहीत नव्हतं. पण ८० मीटर कुठे आणि ३० मीटर कुठे? तेवढं तरी मान्य करा.

मोरपीस:

मान्य. जवळच्या बेटांवर अंदाज कमी पडला. पाणी उतारावर किती वर चढतं ते तिथल्या अगदी बारीक आकारावर ठरतं आणि दगड प्रत्यक्षात कसा सुटला त्यावरही. समुद्रतळाच्या मोजणीत ७० ते ९० मीटर उंचीचे अख्खे ठोकळे सापडले. म्हणजे डोंगराचा भुगा होऊन तो वाहत गेला असं नाही, बराच भाग ठोकळ्यांच्या रूपात खाली गेला.

भर म्हणून अजून एक उदाहरण. पापुआ न्यू गिनीजवळचं रिटर बेट १३ मार्च १८८८ ला जवळजवळ सगळं समुद्रात गेलं. तेव्हा त्या भागात जर्मन वसाहत होती, पाणी किती वाजता आलं आणि किती वेळाने पुन्हा आलं याच्या नोंदी आहेत. मॉडेल तपासायला अशी घटना सोन्यासारखी. गेल्या काही वर्षांत समुद्रतळ नीट मोजल्यावर घसरलेल्या भागाचा आकार आधीच्या समजुतीच्या निम्म्यावर आला. आकारच निम्मा झाल्यावर आधी जुळवलेलं गणित पुन्हा मांडणं आलंच.

कालवा_निरीक्षक:

मी पाटबंधाऱ्यातून निवृत्त, समुद्राचा माणूस नाही. पण तुमचा हा 'एकसंध की तुकडे' वाद आम्हा धरणवाल्यांना फार जुना आणि फार महागात पडलेला आहे. जरा विस्ताराने लिहितो.

इटलीतलं व्हायोंत धरण. २६० मीटरच्या वर उंची, तेव्हा जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. जलाशयात पाणी भरायला लागल्यावर डावीकडचा माँते तोक डोंगर सरकतोय हे अभियंत्यांना माहीत होतं, वर इंग्रजी एम अक्षरासारखी भेग पडलेली होती. म्हणून पाडुआ विद्यापीठाकडून प्रतिकृती करून घेतली, १:२०० प्रमाणात. डोंगराच्या जागी खडी, आणि ती खडी ओढून पाण्यात पाडायची. डोंगर दोन भागांत, एकामागून एक घसरेल असं धरलं. घसरणारा भागही खऱ्यापेक्षा बराच लहान धरला. निष्कर्ष लिहिला की पाणी समुद्रसपाटीपासून ७०० मीटर पातळीवर ठेवलं तर धोका नाही.

९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री पाणी ७०० मीटरच्याच आसपास होतं. सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर (तुमच्या हिशेबात ९ टीएमसी) एकाच वेळी, एकसंध, मिनिटभराच्या आत खाली आला. धरणाच्या माथ्यावरून शंभर मीटरहून उंच पाणी गेलं. खालचं लोंगारोने गाव संपलं. दोन हजारांच्या आसपास माणसं. धरण आजही उभं आहे.

आता बघा. ला पाल्माला एकसंध धरल्याने लाट फुगली, व्हायोंतला तुकडे धरल्याने लाट खुजी झाली. 'सुरक्षित बाजूचं गृहीत' म्हणून जे काही आपण धरतो ते कुठल्या प्रश्नाच्या सुरक्षित बाजूला आहे, हे आधी विचारावं लागतं.

प्रतिकृतीविषयी एक तांत्रिक बाब. १:२०० मध्ये वेळ २०० च्या वर्गमुळाने आकसतो, म्हणजे चौदापट. खऱ्या डोंगराला एक मिनिट लागत असेल तर खडी चार सेकंदांत खाली आली पाहिजे. पाणी या नियमाने वागतं. खडी वागत नाही. डोंगराच्या पोटातल्या चिकणमातीच्या थरात पाण्याचा दाब वाढतो, घर्षण एकदम उतरतं, ते खडीत येणार कुठून? खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळेत (१९१६ ची संस्था) बंदरांच्या मोठमोठ्या प्रतिकृती करून त्यांत लाटा सोडतात. तिथे लाट यंत्राने तयार करतात, ती आपल्या ताब्यात असते. दरडीत लाट करणारं यंत्रच आपल्या ताब्यात नसतं.

अवांतर: १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी शाळेत होतो. धरण फुटल्यावर पाणी कसं धावतं त्याचं गणित आणि त्सुनामी किनाऱ्यावर चढण्याचं गणित एकाच समीकरणांनी सोडवतात, हे कळायला नोकरीची बरीच वर्षं जावी लागली.

चहाबिस्कीट:

काका, अंगावर काटा आला.

सिंगलस्क्रीन:

काकांना साष्टांग. पण प्रतिकृती जमल्याचंही उदाहरण आहे. अलास्कातल्या लितुया उपसागरात ९ जुलै १९५८ ला भूकंपाने कडा पडला, ३ कोटी घनमीटर, आणि समोरच्या डोंगरावर पाणी ५२४ मीटर चढलं. झुरिकला १:६७५ प्रमाणात, हवेच्या दाबाने दाणेदार माल पाण्यात फेकून तो प्रयोग केला, तर जवळजवळ तोच आकडा आला. तिथे दरड एकदम सुटली हे आधीच माहीत होतं, हा फरक आहेच.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अनाक क्राकातोआ घरच्या लॅपटॉपवर चालवता येईल का? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? एसी नाहीये, पंखा आहे.

दगडधोंडे:

येईल. जिओक्लॉ घे, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रँडल लव्हेक यांच्या गटाचं, मोफत आहे. वर पायथन, आत फोर्ट्रान. त्याची खुबी म्हणजे लाट जिथे असेल तिथेच जाळी (गणितासाठी समुद्राच्या पाडलेल्या चौकटी) बारीक होते, बाकी समुद्र जाड जाळीत राहतो. दगडासकट हवं असेल तर डी-क्लॉ आहे, ते दाणेदार माल आणि त्यातल्या पाण्याचा दाब दोन्ही धरतं. काका म्हणताहेत तो चिकणमातीतला दाब हाच. अपस्करण नीट हवं असेल तर एनएचवेव्ह आणि फनवेव्ह ही जोडी, २०१८ च्या घटनेवर ग्रिली आणि सहकाऱ्यांनी तीच वापरली.

अडचण सॉफ्टवेअरची नसते, समुद्रतळाच्या नकाशाची असते. गेब्कोचा जागतिक नकाशा फुकट मिळतो, त्याची एक चौकट साधारण ४६० मीटरची. अनाक क्राकातोआचा व्यास दोन किमी. म्हणजे अख्खं बेट उभ्या-आडव्या जेमतेम चार-चार चौकटींत. त्यात तू घसरणीचा आकार काय काढणार? इंडोनेशियाचा स्वतःचा नकाशा १८५ मीटरच्या आसपासचा आहे, तो घे. आणि नकाशा घसरणीच्या आधीचा आहे की नंतरचा ते तपास, नाहीतर पडून गेलेला डोंगर पुन्हा पाडत बसशील.

वेळेचं पाऊल, म्हणजे गणित एका टप्प्यात किती सेकंद पुढे सरकतं ते, लहान ठेवावं लागेल. एका पावलात लाटेने एक चौकटसुद्धा ओलांडता कामा नये. २५० मीटर खोलीवर लाट सेकंदाला ५० मीटर पळते, तिथे २० मीटरची जाळी घेतलीस तर पाऊल ०.४ सेकंदाच्या आत. रात्रभर चालेल. पंखा लॅपटॉपकडे फिरव.

चहाबिस्कीट:

एक अडाणी प्रश्न. आपल्याकडे असं बेट आहे का?

मोरपीस:

अडाणी कसला, हाच विचारायला हवा होता. अंदमानातलं बॅरन बेट. १९९१ ला जागं झालं आणि त्यानंतर अधूनमधून धुमसतंच आहे. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) साधारण १३५ किमी. वस्ती नाही. पाण्यावर दिसतं साडेतीनशे मीटर, पाण्याखाली आणखी दोनेक किमी. बाहेरच्या जुन्या कड्याला पश्चिमेकडे खिंड आहे, लाव्हा तिकडूनच समुद्रात उतरतो. पश्चिमेलाच लोकवस्तीची बेटं आहेत. हे लगेच कुणी ग्रुपवर टाकू नका. बाजू घसरायच्या बेतात आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये.

दगडधोंडे:

दोन किमी खोलीवर सेकंदाला १४० मीटर. १३५ किमीला सोळा-सतरा मिनिटं, किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यामुळे थोडी जास्त. हैदराबादच्या इन्कॉइसची (महासागर माहिती सेवा केंद्राची) त्सुनामी इशारा यंत्रणा २००७ पासून चालू आहे, पण तिची पहिली घंटा भूकंपमापकावर वाजते. भरतीमापक आणि तळावरचे दाबमापक नंतर दुजोरा देतात. इटलीत स्ट्रॉम्बोलीला ३० डिसेंबर २००२ ला अशीच दरड पडून लाट आली होती, लोक थोडक्यात बचावले. तिथे आता बेटाजवळच पाण्यात लाटमापक आहेत आणि ते थेट सायरनला जोडलेत. भूकंपाची वाटच बघत नाहीत.

उंटावरचा_शहाणा:

मग बॅरनचंच चालवा की. क्राकातोआचं लोकांनी करून झालंय.

सिंगलस्क्रीन:

चालवतो! तीन आकार घेतो: ०.०२ (स्ट्रॉम्बोलीच्या मापाचा), ०.१ आणि ०.२ घन किमी. घसरण पश्चिमेकडे.

कालवा_निरीक्षक:

तिन्ही एकदा एकसंध आणि एकदा दोन तुकड्यांत चालव. सहाही उत्तरं इथे टाक, आवडेल तेवढं एकच टाकू नकोस.

सिंगलस्क्रीन:

हो काका. दोन तुकड्यांमध्ये अंतर किती सेकंदांचं ठेवू?

कालवा_निरीक्षक:

पहिल्या तुकड्याची लाट बेटापासून सुटी व्हायला किती वेळ लागतो ते आधी मोज. मग त्याच्या निम्मं अंतर ठेवून एकदा आणि दुप्पट ठेवून एकदा. निम्म्याला लाटा एकमेकींवर चढतील, दुप्पटला वेगळ्या जातील असा माझा अंदाज. चुकला तर सांग.